रघोजीमामांनी खाल्लेला कोल्हा

रघोजीमामा रस्त्यानं निघाले की पोरं मागून कोल्हेकुई करत. मीही केलेली आहे, उगाच साळसूदपणा कशाला दाखवू? ते कधी वळून बघत नसत. मान जराशी डावीकडे कलती, खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा, असे ते रोज सकाळी ओरत्तनाडूची बस पकडायला जात. तिथल्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात ते अटेंडर होते. बैलाचं मुंडकं धरून ठेवायचं, गाईला लाकडी चौकटीत उभी करायची, डॉक्टर सुई टोचेपर्यंत तिच्याशी बोलत राहायचं, हे त्यांचं काम. आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की माझी आई विचारायची, "कोण, ते नरी खाल्लेले?" नरी म्हणजे तमिळमध्ये कोल्हा. आम्ही तंजावूरची मराठी माणसं. तीनशे वर्षं इथे काढल्यावर कोल्हा हा शब्द आम्हाला जरा आठवावा लागतो, नरी मात्र झोपेतही कळते.

आमच्यात मांस-मच्छी चालते. रविवारी बकऱ्याचं मटण, पाहुणा आला तर कोंबडी, कावेरीला पाणी असलं की विराल मासा. पण दुसऱ्याला फाडून खाणारं जनावर आपण शिजवायचं नाही, हे कोणी न सांगता सगळ्यांना ठाऊक असतं. का, म्हणून विचारलं तर माणसं तोंड वाकडं करतात आणि विषय बदलतात. रघोजीमामांनी सहा वर्षांचे असताना कोल्ह्याचं मांस खाल्लं होतं. त्याला पन्नास वर्षं होत आली तरी गाव ते विसरलं नव्हतं. आमचं गाव विसरण्याच्या बाबतीत फार चिक्कू आहे.

मी नऊ वर्षं पुण्याला एका कारखान्यात होतो. देवनागरी तिथेच शिकलो आणि पुस्तकातली मराठीही. सुरुवातीला मी तोंड उघडलं की खोलीतले सोबती हसायचे. म्हणायचे, गुरुराज, तू बोलायला लागलास की कोणीतरी जुना कागद वाचतंय असं वाटतं. त्र्याण्णव साली कारखान्यानं माणसं कमी केली. मी बायकोला, कामाक्षीला, घेऊन परत तंजावूरला आलो आणि एसटीडी बूथ काढायचं ठरवलं. तेव्हा जो उठे तो एसटीडी बूथ काढत होता. मला जागा मिळेना. शेवटी रघोजीमामांनी त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली दिली, आणि मागच्या दोन खोल्या आम्हाला राहायला. घरात माणसं दोनच, ते आणि त्यांची आई गंगाबाई. लग्न झालेलं नव्हतं. दोनदा जमत आलं होतं. एकदा कुंभकोणमच्या मुलीच्या बापानं "मुलाचे दात बघूं का?" म्हणून भर बैठकीत विचारलं आणि स्वतःच हसत सुटला. मामा उठून बाहेर आले ते पुन्हा कुठल्या मुलीच्या घरी गेलेच नाहीत.

बूथ चांगला चालायला लागला. काचेची केबिन, आत फोन, वर लाल आकड्यांचं मीटर. रविवारी सकाळी तर बाहेर रांग लागायची, बहुतेक आयांची. मुलं मद्रासला, सिंगापूरला, दुबईला गेलेली. आणि दर रविवारी रघोजीमामा पेपर घेऊन केबिनला अगदी चिकटून स्टूलावर बसायचे. पेपरचं पान उलटायचे नाहीत. मला आधी वाटलं, बसू दे बापडे, घर त्यांचंच आहे. पण बायका कुरकुरायला लागल्या. पोस्टमनच्या बायकोनं तर मला तोंडावर सांगितलं की म्हातारा कान लावून ऐकतो. माझं डोकं लवकर तापतं, हे गावाला माहीत आहे. त्या रविवारी गर्दी सरल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, "मामा, दुसऱ्यांच्या घरची बोलणीं ऐकायची हौस असेल तर टीव्हीवर आतां वीस चॅनेल आहेत. माझं गिऱ्हाईक नका घालवूं."

ते कावरेबावरे झाले. पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मी बोलणें ऐकत नाहीं रे," ते म्हणाले. "पहिलें वाक्य ऐकतों तितकेंच."

पहिलं वाक्य प्रत्येक आईचं एकच असतं. 'साप्टियाडा कण्णा?' जेवलास का रे बाळा? सिंगापूरला फोन लागला की आधी हेच, मग पगार, मग सुनेच्या तक्रारी.

"त्यांत काय आहे ऐकायला?" मी विचारलं.

"तू आहे," मामा म्हणाले. "सगळ्या आया तू म्हणतात. माझी आई मला तुम्ही म्हणते."

हे मी ऐकलेलं होतं. भिंतीपलीकडून रोज ऐकू यायचं. "रघू, तुम्ही आलांत का? तुम्ही जेवलांत का? पाऊस आहे, तुम्ही छत्री न्या." मला वाटायचं, म्हातारीची रीत असेल, आमच्यात जुनी माणसं जावयाला, व्याह्याला, परक्याला तुम्ही म्हणतात. पोटच्या मुलाला मात्र कोणी म्हणत नाही. मी म्हटलंही, "असेल एकेकाची सवय."

"सवय नव्हे. सहा वर्षांचा होईंपर्यंत ती मला तूच म्हणायची. मला शेवटचें तू ठाऊक आहे. शब्दासकट ठाऊक आहे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लहानपणी त्यांना दमा होता. थंडीत छाती शिट्टी वाजवायची, रात्र रात्र आई त्यांना मांडीवर उभं धरून बसायची. धाकटा भाऊ सांबशिव, घरचा सांबू, अकरा महिन्यांचा होऊन तापानं गेला होता. त्यानंतर वर्षभरानं मामांचा दमा इतका वाढला की हाही राहत नाही, असं सगळे धरून चालले. कोणीतरी सांगितलं, नरीचं मांस द्या, धाप लागत नाही. वडील छत्राच्या, म्हणजे राजांच्या धर्मशाळेच्या, कचेरीत कारकून. ते वडवारूच्या काठी राहणाऱ्या शिकारी लोकांकडे गेले आणि पानात बांधून घेऊन आले. वडवारू म्हणजे आमच्या गावाला लागून वाहणारी छोटी नदी. आईनं परसात तीन विटा मांडल्या, नव्या मडक्यात मिरी-लसूण घालून ते शिजवलं. वास सगळ्या गल्लीभर गेला. गावाला कळलं ते तिथून. मुलाला सांगितलं, बकरा आहे. पण पोराला कळतंच.

"उग्र वास होता. दोरी चावल्यासारखें लागत होतें. मी तोंड घट्ट मिटलें. तेव्हां आई म्हणाली, 'रघू, तू डोळे मीट, तू तोंड उघड.' मी उघडलें. तें शेवटचें तू. दुसऱ्या दिवशीं सकाळीं उठवतांना म्हणाली, 'तुम्ही उठा.' मला वाटलें, मागें कोणी उभें आहे. वळून बघितलें. कोणी नव्हतें."

मडकं त्याच दिवशी फोडून परसात पुरलं. गंगाबाईंनी त्या दिवसापासून मांसाला हात लावला नाही, कुठलंच मांस कधी खाल्लं नाही. मामांचा दमा हळूहळू गेला. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या, आणि मामांनी तिसरीही जोडली: आपण असं काहीतरी खाल्लं की आईला आपली किळस आली, म्हणून तिनं आपल्याला परक्यांच्या ओळीत नेऊन बसवलं. सहा वर्षांच्या मुलानं काढलेला अर्थ छप्पन्नाव्या वर्षापर्यंत तसाच राहिला होता. मला वाईट वाटलं. त्या रविवारनंतर मी स्टूल केबिनजवळच ठेवलं आणि बायकांना सांगितलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं.

त्यांनी लग्न केलं नाही, मित्र केले नाहीत. केली ती एकच गोष्ट. भेटेल त्याला विचारत सुटले, माणसं असल्या जनावराचं मांस का खात नाहीत? गुन्हा नक्की काय झाला ते तरी कळावं, एवढीच इच्छा. कीळवासलच्या खाटीकभाईंनी सुरी परजता परजता सांगितलं की बकरा काय खातो ते आपण डोळ्यांनी बघतो, पाला खातो, गवत खातो. नरी अंधारात कुठे तोंड घालते ते तिलाच ठाऊक, आणि तिनं खाल्लेलं सगळं मग आपल्या ताटात. देवळातल्या गुरुक्कळांनी पाच नखांच्या जनावरांची यादी म्हणून दाखवली, अमुक चालतं, तमुक चालत नाही. हे मामांनी मला सांगितलं तेव्हा मी चिडलोच. आजारी पोराला दिलेलं औषध नखं मोजून शुद्ध-अशुद्ध ठरवायचं म्हणजे कमाल झाली.

दवाखान्याचे डॉक्टर सुब्रमण्यम जरा बरे निघाले. त्यांनी टेबलावर कागद घेऊन चित्र काढून समजावलं. शंभर उंदीर, मेलेली कुत्री, रोगानं पडलेली वासरं, हे सगळं एका कोल्ह्याच्या पोटात जातं; त्यांच्यातले किडे त्याच्या मांसात बिऱ्हाड करतात, आणि नीट शिजलं नाही तर खाणाऱ्याच्या अंगात. शिवाय पळून पळून मांस चिवट, आणि गवत खाणारं जनावर पाळायला सोपं. मांस खाणाऱ्याला पाळायचं तर त्याला रोज मांस कुठून घालणार? म्हणून माणसानं पहिल्यापासून तो नाद सोडला. "आणि रघोजी," डॉक्टर म्हणाले, "लहानपणचा दमा पुष्कळदा वयानं आपोआप जातो. तुम्ही खाल्लं नसतं तरी गेला असता." मामांना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. ते दोन दिवस जेवले नाहीत.

मामांना सगळ्यांत आवडलं ते बसस्टँडवर मणी विकणाऱ्या नरिकुरवर बाईचं उत्तर. तिच्या जातीच्या नावातच नरी आहे. मामा तिच्यासमोर अर्धा तास उकिडवे बसले होते. ती हसून म्हणाली, आमच्या आजोबा-पणजोबांनी खाल्ली, आम्हाला काय झालं? तुमचा विराल मासा काय तुळशीची पानं खातो? तो दुसरे मासे गिळतो. नदीतला खेकडा काय खातो ते विचारलंत कधी? आणि तुम्ही चाटून-पुसून खाता. मामांनी तिच्याकडून एक माळ घेतली. घालणार कोण? ती खिडकीच्या खिळ्याला अडकवून ठेवली होती.

सगळ्यांना विचारलं, आईला मात्र नाही. मी म्हटलं, "मामा, गंगाबाई भिंतीपलीकडे बसल्या आहेत. दहा पावलं. जाऊन विचारा न."

"आणि ती म्हणाली, किळस येते, तर?" मामांनी विचारलं. "आतां निदान ठाऊक नाहीं."

त्यांना जगाकडून काही नको होतं. आईनं मरण्याआधी एकदा तू म्हणावं, एवढंच हवं होतं, आणि ते मागायचीच भीती वाटत होती. मला कधी कधी त्यांचा राग यायचा. गदगदा हलवावंसं वाटायचं. दवाखान्यातल्या बैलाशी, गाईशी ते दिवसभर तू-तू करून बोलायचे. 'तू घाबरूं नको, तू माझी शहाणी न' असं त्यांचं बोलणं मी स्वतः ऐकलं आहे. आणि संध्याकाळी घरी येऊन आईसमोर पाहुण्यासारखे बसायचे.

गंगाबाईंचं वागणं वाईट नव्हतं, हे मला सांगितलं पाहिजे. मुलाला त्या फार जपत. कामाक्षीचं त्यांच्याकडे जाणं-येणं वाढलं होतं, तिच्याकडून कळायचं. दहीभाताचे गोळे करून ठेवायच्या ते नेहमी दोन. दिवाळीला बनियन घ्यायच्या त्या दोन, पोंगलला उसाची कांडी दोन. आम्ही समजायचो, एक देऊ नये म्हणून असेल. पुष्कळ घरांत तसं पाळतात. मामा झोपले की त्या उठून येऊन त्यांच्या छातीवर हात ठेवून बघायच्या, श्वास नीट चालला आहे का. पन्नाशी उलटलेल्या मुलाच्या छातीवर. मामा जागे असायचे आणि डोळे मिटून पडून राहायचे.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये मामा निवृत्त झाले. दवाखान्यानं शाल आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. दहा दिवसांनी गंगाबाई न्हाणीत पडल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत. खुबा मोडला होता. शहात्तरी उलटली होती. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. मामांनी सगळं केलं. अंग पुसणं, कूस बदलणं, कशाचीच लाज धरली नाही. जनावरांचं करून करून त्यांचा हात हलका झाला होता. कामाक्षी दिवसा मदतीला असायची. जुलैच्या शेवटी गंगाबाईंचं खाणं चमच्यावर आलं.

तेव्हा एका दुपारी मामा बूथमध्ये आले. केबिनमध्ये कोणी नव्हतं.

"गुरू, आज विचारतों. तू येऊन बस माझ्याजवळ."

"मी कशाला? आई-मुलाचं बोलणं आहे."

"मी मध्येंच उठून जाईन. तू दारांत बस. जाऊं देऊं नको."

मी फळीवर 'जेवणाची सुट्टी' लिहून ठेवलं आणि गेलो. गंगाबाई जाग्या होत्या. खिडकीतून ऊन त्यांच्या पायावर पडलं होतं. कामाक्षी त्यांचे केस विंचरत होती. मी सांगितल्याप्रमाणे दारात बसलो. मामा खाली जमिनीवर बसले, आईच्या उशाशी. त्यांनी आईचं पांघरूण नीट केलं, पुन्हा केलं. मला वाटलं, हे आजही काही बोलत नाहीत.

"आई," ते म्हणाले, "एक मागतों. एक वेळ मला तू म्हण."

गंगाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. कळलं नसावं.

"कोणाला?"

"मला. रघूला. तुम्ही नको म्हणूं. तू म्हण."

"आणि सांबूला?" गंगाबाईंनी विचारलं.

कामाक्षीच्या हातातली फणी थांबली. म्हातारीला भ्रम झाला, असं मला वाटलं. पण त्यांचा आवाज अगदी स्वच्छ होता. मुलानं साधी गोष्ट विचारावी आणि आईनं साधी समजूत घालावी, तसा.

"तुम्ही दोघे आहांत न," त्या म्हणाल्या. "दोघांला मिळून तू म्हणून कसें सांगूं? एकट्याला कसें बोलावूं? दुसऱ्याला वाईट वाटेल."

मग त्या थांबत थांबत बोलल्या. मध्ये कामाक्षीनं दोनदा पाणी दिलं.

"तुमचे अप्पा सांबूला वडवारूच्या काठीं ठेवून आले. इतकें लहान मूल, जाळत नाहींत. तिसऱ्या दिवशीं दूध वाहायला गेले आणि तसेच परत आले. चंबूंतलें दूध तसेंच. मला कांहीं सांगितलें नाहीं. मी त्यांच्या पायाची माती बघितली, मला कळलें. नरीनें उकरलें होतें. वर्षभर मी रात्रीं ऐकत होतें, त्या काठावरून ओरडायच्या. माझें मूल त्यांच्या पोटांत, बाहेर, चिखलांत फिरत आहे म्हणून वाटायचें. मग तुमची छाती भरली. अप्पांनीं त्याच काठची नरी आणली. सगळ्या बायका म्हणाल्या, नको ग, ती स्मशानांतलें खाते, तिनें काय काय खाल्लें असेल. म्हणूनच कोणी खात नाहींत. मला तर तेंच हवें होतें. मी हात जोडले आणि चूल पेटवली. मूल घरीं आणलें. तुमच्यांत ठेवलें. त्या रात्रीं छातीवर हात ठेवून बघितलें, दोघे नीट निजला होतांत."

ज्या कारणासाठी सगळं जग ते मांस टाळतं, त्याच कारणासाठी या बाईनं ते शिजवलं होतं. आणि बावन्न वर्षं ती आपल्या दोन मुलांना हाक मारत होती. आम्ही मराठी माणसं एका माणसाला मान देताना आणि दोन माणसांना बोलावताना एकच शब्द वापरतो; तिनं तो दोन माणसांसाठी वापरला, आणि मुलानं तो परकेपणाचा समजून सगळा जन्म काढला.

"तू मांस कां सोडलेंस मग?" मामांनी विचारलं.

"एक वेळ शिजवलें तें पुरें न," गंगाबाई म्हणाल्या. "पुन्हां कसें खाऊं?"

मामा उठले. मला वाटलं, जातात. मी दारात आडवा झालो. ते गेले नाहीत. भिंतीला कपाळ टेकून उभे राहिले आणि मोठ्यानं रडले. मी आणि कामाक्षी तिथून निघालो. त्या दिवशी बूथ मी उघडलाच नाही.

त्यानंतर एकोणीस दिवस रघोजीमामा जितके सुखी होते तितके मी त्यांना कधीच बघितले नव्हते. 'आम्ही निघालों', 'आम्हांला कॉफी पुरे', असं बोलायला लागले. कामाक्षीला भीती वाटायची, मला नाही. त्यांना ठाऊक होतं की हे खरं नाही. त्यांनी आयुष्यभर जनावरांच्या दवाखान्यात काम केलं होतं, कोल्ह्याच्या पोटात काय उरतं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पण बावन्न-त्रेपन्न वर्षं एकट्यानं जेवलेल्या माणसाला एकदम भाऊ मिळाला होता. एका सकाळी मला वडवारूच्या काठी घेऊन गेले. सगळीकडे प्लॉट पाडलेले, पांढरे दगड रोवलेले, 'नगर' नावाची पाटी, तिच्यावर एका नव्या सिमेंटची जाहिरात. कुठे पुरलं होतं ते दाखवणारं कोणी नव्हतं. आता तिथे कोल्हेही उरले नव्हते. मामा एका दगडावर बसले आणि म्हणाले, "बरें झालें घरीं आणलें. इथें राहिला असता तर याच्यावर घर बांधलें असतें."

गंगाबाई विसाव्या दिवशी गेल्या. दुपारचे तीन वाजले होते. मला कामाक्षीनं हाक मारली म्हणून मी धावत गेलो. मामा चमच्यानं पाणी देत होते. नेहमी दोन चमचे द्यायचे. त्या दिवशी पहिलाच गालावरून ओघळला. गंगाबाईंनी हात उचलला. तो मामांच्या छातीपर्यंत पोचेना, म्हणून मामा वाकले. हात सदऱ्यावर टेकला आणि मुठीत काही घ्यावं तशी बोटं मिटली.

"सांबूला मी नेतें," त्या म्हणाल्या. "लहान आहे. एकटा नाहीं राहणार. रघू, तू राहा."

मामांनी माझ्याकडे बघितलं.

"तू वेळेला जेव," त्या म्हणाल्या. नंतर काही बोलल्या नाहीत.

मामांना हवा होता तो शब्द मिळाला होता, दोनदा मिळाला होता. त्यांचा तो चेहरा मला आजही बघवत नाही. एका वाक्यात आई गेली आणि भाऊही गेला, आणि जाताना आईनं त्यांना अगदी प्रेमानं, नाव घेऊन, एकटं केलं.

तेरावा झाला. नातेवाईक होते ते मोजकेच, जेवून गेले. रविवार आला. केबिनबाहेर रांग लागली, आया आल्या, काचेमागून 'साप्टियाडा कण्णा' सुरू झालं. स्टूल रिकामं होतं. मी आत डोकावून बघितलं तर मामा मधल्या खोलीत जमिनीवर बसले होते. समोर पानावर दहीभाताचा एक गोळा. एकच. आवाज तिथपर्यंत पोचत होता, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

मी रोजच्यासारखं विचारलं, "मामा, तुम्ही जेवलांत का?"

त्यांनी मान वर केली. "गुरू, आतां तुम्ही नको रे म्हणूं," ते म्हणाले. "एकटाच आहें. तू म्हणालास तरी चालेल."

माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी तू कसं म्हणणार? जीभच वळली नसती. पण खरं सांगायचं तर नुसता वयाचा मान नव्हता. मला राग आला होता, गंगाबाईंचा. जाणाऱ्यानं जावं, घेऊन कशाला जायचं? माझं डोकं लवकर तापतं. मी उंबऱ्यावर बसलो आणि पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानंच, "तुम्ही जेवलांत का?"

मी दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. बूथ उघडण्याआधी एकदा आणि दुपारी एकदा, असं मी विचारतच राहिलो, दोघांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. किती दिवस गेले ते मी मोजलं नाही. मग एका दुपारी आतून उत्तर आलं.

"जेवलों."

आमच्या बोलीत एकटा माणूसही 'जेवलों' म्हणतो आणि दोघं असले तरी 'जेवलों'च म्हणतात. त्यांनी कितीजणांचं सांगितलं, ते मी विचारलं नाही.